उत्तर भिंतीवरचं ऊन

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांनी मिळून ३ कोटी ४८ लाखांहून जास्त छायाचित्रं टिपली. त्यांपैकी ७६,६५१ चित्रांत वाघ होता, म्हणजे साधारण साडेचारशे चित्रांमागे एका चित्रात. हे कॅमेरे जाणकारांनी वाघाच्या वाटा हेरून लावलेले होते. त्यांना झोप नाही, भूक नाही, गेट बंद व्हायची घाई नाही. तरीही प्रमाण हे एवढंच. उरलेल्या चित्रांत चितळ आहेत, सांबर आहेत, रानडुकरं आहेत, गुरं आहेत, सरपणाची मोळी घेऊन जाणारी माणसं आहेत आणि वाऱ्याने हललेलं नुसतं गवतही आहे.

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, चामोर्शी, अहेरी या पट्ट्यात कुणाच्या हाती पहिला कॅमेरा आला की त्याच्या मनात ताडोबा येतो, आणि ताडोबा म्हटलं की वाघ. यात गैर काही नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि आज गाभा व बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरवर पसरलेलं हे जंगल घराशेजारी असताना त्याची ओढ वाटणारच. पण शिकणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. छायाचित्रणाचं तंत्र अंगात मुरतं ते तोच विषय पुन्हा पुन्हा टिपल्याने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कधी शटरचा वेग, कधी उभं राहायची जागा, कधी दिवसाची वेळ, आणि परिणाम पडताळायचा. वाघ ही मुभा देत नाही. तो दिसतो तेव्हा हात थरथरत असतो, समोर दुसरी जिप्सी आलेली असते आणि वीस सेकंदांत सगळं संपतं. आलेलं चित्र चांगलं का आलं किंवा वाईट का आलं, याचा पत्ताच लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्षभर तरी वाघाला गुरू करू नये.

सफारीला जावं, जरूर जावं, पण बाकीच्या साडेचारशे चित्रांसाठी. रानगवा समोर आला तर त्याचा काळाभोर देह फ्रेमभर घ्या आणि पडद्यावर बघा. तो राखाडी, धुरकट दिसेल. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, म्हणून काळ्याला ते उजळ करतं. एक स्टॉप कमी करा, गवा पुन्हा काळा होईल. पुढे पानगळ झालेलं कांडोळीचं झाड दिसेल, ज्याला गाईड घोस्ट ट्री म्हणतात. त्याच्या पांढुरक्या खोडावर हेच मीटर उलटं फसतं आणि पांढऱ्याला मळकट करतं. तिथे एक स्टॉप वाढवावा लागतो. गवा आणि कांडोळ एकाच सकाळी टिपली तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा अख्खा धडा होतो. जिप्सीचं इंजिन चालू असताना लांब लेन्सने घेतलेलं चित्र बारीक हलतं, म्हणून चालकाला नम्रपणे इंजिन बंद करायला सांगावं. बीनबॅग विकत घ्यायला हवी असंही नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून, एक तोंड शिवून, आत धान भरलं की गाडीच्या दांडीवर ४०० मिलिमीटरची लेन्स निवांत बसते.

अलीकडच्या काळात ताडोबाचं जे छायाचित्र सर्वांत जास्त लोकांच्या नजरेत भरलं, त्यात झेप नाही, शिकार नाही. दीप काठीकर यांनी टिपलेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळीकडे पसरलेल्या त्या दृश्यात रामदेगीच्या बाजूच्या बफरमधला एक तरुण वाघ पाणवठ्याजवळून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालला आहे. वाघ होता, पण चित्र वाघाचं नव्हतं, ते आपलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी अडवून धरलं. त्याची चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाडी थोडी पुढे घे असं चालकाला सांगणारा आवाज बहुधा कॅमेरावाल्याचाच असतो. शिकणाऱ्याला फोकस लावण्याआधी हे कळलेलं असावं.

आता जंगलाच्या अलीकडे येऊ. मार्चच्या मध्यापासून मोह गळू लागतो. फुलं रात्री उशिरा पडायला लागतात आणि सकाळपर्यंत पडत राहतात. वेचायला बाया उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन निघतात. छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली शाळा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरी नाही, असं मी म्हणेन. पण एक काळजी पहिल्यांदा. चंद्रपूर जिल्ह्यात मोह आणि तेंदूच्या दिवसांत वाघाचे हल्ले होतात, आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाला धोका जास्त असतो. जमिनीलगत कॅमेरा धरणारा माणूस नेमका तसाच बसतो. तेव्हा जंगलातल्या झाडाखाली जाऊ नये. गावाला लागून, बांधीच्या धुऱ्यावर उभा असलेला मोह निवडावा, आणि तोही वेचणाऱ्यांच्या घोळक्यासोबत.

पहाटे साडेपाचला उजेड इतका कमी असतो की किट लेन्स हतबल होते. इथे ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स कामाला येते, आणि ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. आयएसओ ३२०० वर ठेवा. वाकलेल्या बाईचा देह शटरच्या १/६० ला स्थिर येतो, पण तिची बोटं येत नाहीत, कारण वेचणारा हात फार चपळ असतो. थोडा वेळ नुसतं बघा. मूठ भरली की हात टोपलीवर येतो आणि फुलं सोडण्याआधी क्षणभर थांबतो. त्या क्षणी १/६० पुरतं. हालचालीत असलेली अशी थांबण्याची जागा शोधणं हे नाचात, खेळात, बाजारात, सगळीकडे उपयोगी पडतं, आणि ते मोहाखाली फुकट शिकता येतं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला की फूल कसं आहे ते दिसतं. मांसल, मलईच्या रंगाचं, बुडाशी फुगीर, दवाने ओलं, आणि आतून उजेड आरपार येऊ देणारं. फ्लॅश मारला की हे सगळं जातं आणि चुन्याच्या खड्यासारखा पांढरा ठिपका उरतो.

वेचलेला मोह अंगणात वाळत घालतात. ओली, फिकी फुलं ऊन लागत जातं तशी पिवळसर होतात, मग तांबूस, मग तपकिरी. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून, त्याच लेन्सने त्यांचं चित्र घ्या. व्हाइट बॅलन्स मात्र ऑटोवर ठेवू नका. ऑटो बॅलन्स प्रत्येक दिवशीचा तांबूसपणा दोष समजून थोडाथोडा पुसत राहतो आणि जो बदल दाखवायचा तोच चित्रातून निघून जातो. तो उन्हावर पक्का करून ठेवावा. हा सराव नवा नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले आणि पुढे त्यांनी गोध्र्याला स्टुडिओही काढला. १९१२ साली इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा आल्यावर त्यांनी आधी वाटाण्याचं एक रोप फुटताना आणि वाढताना एकेक चौकट करत टिपलं. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून केलेलं ते काम होतं, पण कॅमेरा हलवायचा नाही, उजेड बदलू द्यायचा नाही आणि रोज न चुकता यायचं, ही शिस्त त्यातूनच हाताला लागते. ज्याच्याकडे नुसता मोबाइल आहे त्यालाही मोहाच्या अंगणात हे सगळं करता येतं.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला मात्र घाईने जाऊ नये. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि तिच्या काठावर मध्ययुगीन मंदिरांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत लोटणाऱ्या गर्दीतले बहुतेकजण कळसासकट पूर्ण मंदिर मोबाइलमध्ये मावतं का ते बघतात. विद्यार्थ्याने भिंतींकडे बघावं. देव-देवता, सुरसुंदरी, व्याल, पट्ट्यांमागून पट्टे अशी भिंत माथ्यापर्यंत कोरलेली आहे. मूर्तीचं छायाचित्र म्हणजे तिच्यावर पडलेल्या सावल्यांचं छायाचित्र. समोरून थेट ऊन आलं की नाक, ओठ, दागिने सगळं सपाट होतं. ऊन भिंतीला घासून, तिरकं आलं तरच कोरीवकाम उठून येतं.

प्रश्न असा की ऊन तिरकं कधी येतं? पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींचं उत्तर सोपं आहे. उगवतीला पूर्वेची भिंत सपाट उजळते, मग सूर्य वर चढत जातो तशी सावली वरून खाली लांबते. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात बघावी. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, आणि सकाळचं कोवळं ऊन तिच्यावरून आडवं सरकतं. अडचण उत्तरेच्या भिंतीची आहे. हिवाळाभर तिला सूर्य दिसतच नाही. जत्रेच्या दिवसांत आलेला माणूस तिचं चित्र काढतो आणि ते नेहमी निळसर, मऊ, थोडं उदास येतं.

पण मार्कंडा आणि चंद्रपूर दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, विसाव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. या दिवसांत उत्तर भिंतीवर दिवसभर ऊन पडतं. दुपारचं ऊन उपयोगाचं नाही. ते जवळजवळ उभं येतं आणि वरच्या थराच्या कंगोऱ्याची सावली खालच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर पडून चेहराच झाकून टाकते. सकाळी मात्र सूर्य पूर्वेपासून वीस-पंचवीस अंश उत्तरेकडून वर येतो आणि भिंतीवर आडवा घासून जातो. एरवी सपाट वाटणाऱ्या मूर्तींच्या गळ्यातला एकेक मणी, बाजूबंदाची एकेक रेघ तेव्हा वेगळी होते. आवाराच्या भिंतीची आणि झाडांची सावली उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि ऊन चढलं की काम संपतं. जूनच्या मध्यापर्यंत पावसाचे ढग येतात. म्हणजे वर्षातून या भिंतीला असे तीनेक आठवडे मिळतात, तेही विदर्भाच्या सर्वांत कडक उन्हाळ्यात.

हे पुस्तकातून आयतं समजतं, पण भिंतीसमोर उभं राहिल्याशिवाय पटत नाही. एकच मूर्ती ठरवा. तिचं नाव माहीत नसेल तरी चालेल. डिसेंबरात, मार्चमध्ये आणि मेअखेरीस त्याच जागेवरून ती टिपा आणि तिन्ही चित्रं शेजारी ठेवा. स्फूर्ती कुठून येते असं विद्यार्थी विचारतात, आणि सहसा दुसऱ्यांच्या छायाचित्रांत ती शोधतात. या तीन चित्रांत जो फरक दिसतो त्याने पुढच्या दहा भेटींची ओढ लागते. हिवाळ्यातल्या मऊ प्रकाशालाही नावं ठेवू नयेत. झिजलेल्या दगडाचा रंग आणि त्यावरचं शेवाळ त्यातच खरं उतरतं. सावलीतला एखादा कोपरा उजळायचा असेल तर सोबतच्या मित्राने पांढरं धोतर ताणून धरलं की पुरे. तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला ती लागत नाही. दुरुस्तीच्या कामामुळे एखादा भाग झाकलेला असला तर दुसरी भिंत निवडावी. मंदिरं बरीच आहेत.

चंद्रपूर शहरात राहणाऱ्याला हाच अभ्यास जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांवर करता येतो. हत्तीला दाबून धरणाऱ्या सिंहाचं गोंड राजचिन्ह तिथे दगडात कोरलेलं आहे आणि त्याखालून दिवसभर रिक्षा जातात. शहराला वेढून असलेल्या परकोटावर इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदान करून झाडोरा काढला. त्यामुळे बुरुज आणि तट आता डोळ्यांना दिसतात, कॅमेऱ्यालाही.

रात्रीच्या उजेडाचं शिक्षण झाडीपट्टी रंगभूमी देते. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत मंडई आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, निमित्ताने गावोगावी नाटकं होतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचं केंद्र. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाडीपट्टी हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. विद्यार्थ्यासाठी महत्त्वाचं हे की प्रयोग लांब असतो आणि कलाकार त्याच जागांवर पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या अंकात चुकलेलं दुसऱ्या अंकात सुधारता येतं.

इथे सर्वांना छळणारी गोष्ट म्हणजे चित्रावर येणारे आडवे काळे पट्टे. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० च्या शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात. मग पात्र हलताना धूसर येतं, म्हणून संवादाच्या शेवटी ते थबकतं तो क्षण धरायचा. मोहाखाली शिकलेलं इथे लागू पडतं. मागचा पडदा काळा असतो, म्हणून पूर्ण फ्रेमचं मीटर चेहरा जाळून टाकतं. स्पॉट मीटर चेहऱ्यावर लावावं. फ्लॅश वापरूच नये. शेतात बसून, थंडीत कांबळ पांघरून तिकीट काढून आलेल्या माणसांचा तो रसभंग आहे, आणि नटाच्या डोळ्यांना त्रास आहे.

सकाळी त्याच गावात शंकरपट असेल तर शटर १/४० वर आणून जोडीसोबत कॅमेरा फिरवायचा सराव करावा. बैलाच्या डोळ्यावर फोकस ठेवायचा आणि जोडी निघून गेल्यावरही हात क्षणभर फिरता ठेवायचा, एवढंच त्याचं गमक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींना वाट मोकळी करून दिल्यापासून अशा संधी पुष्कळ आहेत.

भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या बाजूला गेल्यावर मात्र तंत्राआधी वागणं येतं. १९४० च्या दशकात सुनील जाना यांनी मध्य भारतातल्या आदिवासींची जी छायाचित्रं काढली, ती आजही प्रत्येक विद्यार्थ्याने बघावीत. त्यांतला आदर आणि रचना दोन्ही शिकण्यासारखं आहे. पण तेव्हापासून आजवर इथल्या माडिया आदिवासी माणसाचं छायाचित्र बहुतेक वेळा बाहेरचाच काढतो आणि घेऊन जातो. गोंदणाचा चेहरा, मोरपिसांचा नाच, गोटुल, एवढंच टिपून परतणाऱ्या पाहुण्यांना गावं ओळखून आहेत. गावात गेल्यावर आधी गावच्या पाटलाला किंवा ग्रामसभेतल्या कुणाला भेटावं, पूजेचं आणि गोटुलाचं विचारल्याशिवाय काहीही काढू नये, आणि पोलिस ठाण्याकडे, छावणीकडे कॅमेरा वळवू नये. भाषा येत नसेल तर ती येणाऱ्या कुणाला तरी सोबत न्यावं. नको म्हणणाऱ्या माणसाचं नको हे लगेच ऐकावं.

मग एक साधी गोष्ट करावी. ज्याचं छायाचित्र हवं आहे त्याला विचारावं की त्याला स्वतःचं कसं हवं आहे. बहुतेकजण घरात जातात, चांगला कपडा घालून येतात, नातवाला जवळ घेतात, ताठ उभे राहतात आणि थेट कॅमेऱ्यात बघतात. ते चित्र आधी, आणि पूर्ण मन लावून काढावं. तुमच्या मनातलं नंतर. ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून माणूस उभा केला की चेहऱ्यावर एकसारखा उजेड येतो आणि डोळ्यांत आकाशाचा ठिपका दिसतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेला उजेड योग्य मिळाला पाहिजे, इतकीच तिची मागणी असते. कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग एकेकाळी गोऱ्या स्त्रीचं छायाचित्र असलेल्या कार्डावरून जुळवले जात आणि जगभरातल्या काळ्या माणसांचे चेहरे त्यात मातीमोल होत. आजचे मोबाइल उलट टोक गाठतात. ते चेहरा आपणहून उजळ करतात आणि त्वचा राखट दिसते. म्हणून ब्यूटी फिल्टर बंद करावा, जमलं तर रॉ फाइल घ्यावी, आणि गालाच्या उंच भागावर जी चकाकी असते ती टिकेल इतपतच एक्सपोजर ठेवावं. रंग खरा आणि तेजस्वी येतो.

पुढच्या खेपेला जाताना प्रिंट न्यावी, आणि ज्याची त्याच्या हातात द्यावी. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत ती छापायला दिली की तिथला मुलगा सवयीने चेहरा गोरा करायला घेईल. तो माउसला हात लावायच्या आत त्याला सांगावं की रंगाला हात लावू नकोस, आहे तसंच छाप.